डॉक्टरांच्या बाजूने उभं राहणारी वकिली: काम, कमाई आणि मनाची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाशिकला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचं तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे. त्यांना एकदा ग्राहक आयोगाची नोटीस आली, तेव्हापासून डॉक्टरांच्या बाजूने वैद्यकीय निष्काळजीपणाच्या केसेस लढवाव्यात असं वाटतंय. त्यासाठी मेडिकलचं शिक्षण लागतं का? काम मिळतं कुठून, पैसे मिळतात का? आणि माणूस गेलेल्या घराच्या विरोधात उभं राहताना जड जात नाही का?"

खरा प्रश्न शेवटचा आहे. पण काम काय असतं ते आधी कळलं नाही, तर त्याचं उत्तर पटणार नाही. म्हणून तो मागे ठेवते.

मी पुण्यात वकिली करते. ग्राहक आयोग, फौजदारी कोर्ट आणि मेडिकल कौन्सिल, तिन्हीकडे बहुतेक वेळा डॉक्टर किंवा हॉस्पिटलच्या वतीने. टेबलावर हात आपटून साक्षीदाराला घाम फोडायचा, असं काही डोक्यात असेल तर काढून टाका. ग्राहक आयोगात पुरावा प्रतिज्ञापत्रावर चालतो, उलटतपासणीसुद्धा बहुतेकदा लेखी प्रश्नावलीने होते. हे काम वाचनाचं आहे, तेही रात्री दोन वाजता दुसऱ्या कोणीतरी घाईत खरडलेलं अक्षर वाचण्याचं. सकाळी आठच्या राउंडला 'जीसी फेअर, सीएसटी' लिहिलेलं असतं, म्हणजे प्रकृती ठीक, तेच उपचार चालू ठेवा. आणि आठ वीसला सिस्टरच्या नोंदीत पेशंट व्हेंटिलेटरवर. या वीस मिनिटांत काय झालं, हे डॉक्टरांना विचारायचं आणि मिळालेलं उत्तर कागदाशी जुळतंय का ते बघायचं. तुमच्या कामाचा निम्मा दिवस यातच जाईल.

एक केस जरा जवळून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तालुक्याचं ठिकाण, बाळंतपण, वार पडल्यावर रक्तस्राव थांबेना, शहरात हलवताना बाई गेली. तक्रार अशी की डॉक्टर उशिरा आले, रक्त उशिरा मागवलं. डॉक्टर माझ्याकडे आले ते दोन फायली घेऊन. म्हणाले, "मॅडम, ही ओरिजिनल आणि ही मी तुमच्या सोयीसाठी नीट लिहून काढली." नीट लिहिलेली फाईल सुरेख होती. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एकच पेन, एकच तिरपेपणा, एकही खाडाखोड नाही. तिच्यात डॉक्टर दोन वीसला पेशंटपाशी पोचलेले होते.

ओरिजिनलमध्ये सिस्टरने लिहिलं होतं: २.१० वार पडली, २.२० ब्लीडिंग प्लस प्लस, ड्रिप वाढवली; २.२८ सरांना फोन, २.४० सर आले. रक्ताच्या मागणीच्या चिठ्ठीवर २.४५. आता २.२० ऐकायला बरं वाटतं हे खरं, पण हॉस्पिटलच्या लँडलाइनवरून सरांच्या मोबाइलवर गेलेला २.२८ चा फोन टेलिफोन कंपनीकडे नोंदलेला असतो. रक्तपेढीच्या रजिस्टरमध्ये पिशवी दिल्याची वेळ असते. १०८ ला केलेल्या कॉलची वेळ असते. हॉस्पिटलबाहेरच्या या सगळ्या नोंदी त्या वाकड्यातिकड्या अक्षराशी मिनिटामिनिटाने जुळत होत्या. सुंदर फाईल दाखल केली असती, तर मुळात खरे असलेले डॉक्टर खोटे ठरले असते. आम्ही ओरिजिनल दाखल केली. बारा मिनिटांत घरून पोचणं, पाच मिनिटांत रक्त मागवणं, दरम्यान सिस्टरने दिलेली औषधं, एवढ्यावर कैफियत, म्हणजे तक्रारीला दिलेलं लेखी उत्तर, उभी राहिली आणि तक्रार फेटाळली गेली. निकालपत्रात सगळ्यात जास्त जागा मिळाली ती सिस्टरच्या नोंदींना. तिला हे कोणी सांगितलं की नाही, कोण जाणे.

म्हणून मी ज्युनिअर्सना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. या वकिलीतला निर्णायक काळ म्हणजे पहिले पंधरा दिवस. केस लढवायची की मिटवायची, हे त्या पंधरा दिवसांत कागद वाचून ठरवता आलं पाहिजे, आणि ठरलं ते डॉक्टरांच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. पुढची चार-पाच वर्षं त्या निर्णयाची अंमलबजावणी असते.

घाई करण्याचं दुसरं कारण कायद्यातच आहे. आयोगाची नोटीस आणि तक्रारीची प्रत हातात पडली की लेखी कैफियतीला ३० दिवस, आयोगाने मुदत वाढवली तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये 'हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज' प्रकरणात हा मुद्दा कायमचा संपवला. पंचेचाळीस दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात, पण डॉक्टर पहिले वीस दिवस नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवतात, पुढचे दहा ओळखीच्या वकिलाकडे, जो जमिनीची कामं करतो, आणि पस्तिसाव्या दिवशी तुमच्याकडे येतात. विनाकैफियत आदेश झालेली चांगली केस वाचवणं फार कठीण.

कायद्याची चौकट तुम्ही अभ्यासालच, पण वापरात कुठले निकाल येतात ते सांगते. १९९५ चा 'आयएमए (डॉक्टरांची संघटना, इंडियन मेडिकल असोसिएशन) विरुद्ध व्ही. पी. शांता' म्हणजे या सगळ्याचं मूळ. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात आली ती तिथे. त्याच निकालात असंही आहे की खर्च विमा कंपनी किंवा मालक देत असेल तरी ती सेवा कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून 'पेशंटने स्वतः एक रुपया दिला नाही, तो ग्राहकच नाही' हा बचाव डोळे झाकून घेऊ नका. फौजदारीत २००५ चा 'जेकब मॅथ्यू': गुन्हा ठरायला हयगय फार गंभीर, 'ग्रॉस' हवी, आणि डॉक्टरला सरसकट अटक करायची नाही. २००९ मध्ये 'मार्टिन डिसूझा' निकालाने प्रत्येक तक्रारीत आधी तज्ज्ञांचं मत घ्या असं म्हटलं. २०१० मध्ये 'किशन राव' निकालाने तशी सक्ती नाही असं स्पष्ट केलं. अजूनही अनेक वकील कैफियतीत डिसूझा चिकटवतात आणि समोरचा वकील किशन राव काढून गप्प बसवतो.

मराठी वकिलाने एक निकाल मुळातून वाचावा: 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले', सर्वोच्च न्यायालय, १९६८. घटना १९५३ ची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला पुण्याला आणलं, पुरेशी भूल न देता हाड बसवताना धक्का बसून तो गेला असं न्यायालयाने मानलं. भरपाई होती तीन हजार रुपये. पेशंट स्वीकारायचा का, कोणते उपचार द्यायचे आणि ते कसे द्यायचे, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घ्यायची असते, हे त्यात इतकं स्वच्छ मांडलंय की आजही युक्तिवादाची सुरुवात तिथून करता येते. तीन हजारांपासून कुणाल साहा प्रकरणातल्या २०१३ च्या सुमारे सहा कोटींपर्यंतचा प्रवास बघितला, की डॉक्टर आता विमा का घेतात हे विचारावं लागत नाही.

संमतीपत्र हा आपल्याकडचा सगळ्यात दुबळा कागद. छापील इंग्रजी फॉर्म, ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी, 'सर्व धोके समजावून सांगितले' या ओळीखाली नवऱ्याची सही आणि शुद्धीत असलेल्या, सज्ञान बाईची सही कुठेच नाही. २००८ च्या 'समीरा कोहली' निकालात पेशंट भुलेखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालयाने ते चालवून घेतलं नाही. ऑपरेशन उत्तम झालं असलं तरी संमतीवर केस जाऊ शकते. डॉक्टरांना हे पटवणं अवघड असतं, कारण त्यांच्या मते जीव वाचला म्हणजे सगळं बरोबरच होतं.

आता विमा. व्यावसायिक हमी विमा, म्हणजे डॉक्टर ज्याला नुसतं 'इंडेम्निटी' म्हणतात, तो साधारणपणे 'क्लेम्स मेड' पद्धतीचा असतो: ऑपरेशन झालं तेव्हा नव्हे, दावा आला तेव्हा पॉलिसी चालू असावी लागते. निवृत्त झालेले डॉक्टर हप्ता बंद करतात आणि वर्षभराने जुन्या पेशंटची नोटीस येते. कंपनीला ताबडतोब लेखी कळवायचं, तिच्या परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. इथे तुमची कसोटीही लागते. पैसे कंपनी देते, पण अशील डॉक्टर आहे. कंपनीला केस स्वस्तात मिटवायची असते, डॉक्टरला नावावरचा डाग पुसायचा असतो. कधी नेमकं उलट. तसंच हॉस्पिटल, बाहेरून येणारे सर्जन आणि भूलतज्ज्ञ हे तिघं सामनेवाले असतील, तर तिघांचं वकीलपत्र एकत्र घेण्याआधी तिघांना वेगवेगळं बसवून ऐका. सर्जन म्हणणार भुलेत गडबड झाली, भूलतज्ज्ञ म्हणणार ऑपरेशन लांबलं, आणि ट्रस्टी म्हणणार दोघंही आमचे कर्मचारी नाहीतच. २००४ च्या 'सविता गर्ग' निकालानंतर हे शेवटचं वाक्य फारसं चालत नाही. हितसंबंध भिडत असतील तर एकच बाजू घ्या, बाकी फी सोडा.

फौजदारी काम वेगळ्या जातीचं. फोन रात्री येतो. खाली जमाव, काच फुटलेली, पीआय म्हणतात सरांना घेऊन या. अशा वेळी निकाल आठवून उपयोग नसतो. केस पेपरच्या पानांवर नंबर घालून प्रत काढा, मूळ पोलिसांना पंचनाम्याने द्या, शवविच्छेदनाचा आग्रह धरा (नातेवाइकांच्या विनंतीवरून डॉक्टर ते टाळतात आणि मग मृत्यूचं कारण कायमचं वादात राहतं), आणि तोडफोडीची तक्रार महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याखाली त्याच रात्री नोंदवा. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. नोंदणीकृत डॉक्टरसाठी वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या हयगयीला कमाल दोन वर्षं, इतरांना पाच. हा गुन्हा जामीनपात्र. पण पोलिसांनी सदोष मनुष्यवध लावला तर चित्र पालटतं. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रसूतीच्या प्रकरणात डॉक्टर गावात नव्हते, फोनवरून औषधं सांगितली गेली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर महिनाभर प्रत्येक डॉक्टर मला विचारत होता, फोनवर औषध सांगायचं की नाही.

अशील डॉक्टर कसा असतो, हेही माहीत असू द्या. गुन्हेगारी अशिलाला कोर्टाची सवय असते, डॉक्टरला नसते. पस्तीस वर्षं लोक पाया पडतात आणि एक दिवस बोर्डावर 'विरुद्ध' या शब्दापुढे नाव येतं. झोप उडते, ऑपरेशन करताना हात थरथरतो, घरी कोणाला सांगवत नाही. राजस्थानात लालसोटला २०२२ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूनंतर डॉक्टरवर थेट खुनाचं कलम लागलं आणि त्यांनी आत्महत्या केली. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या जोडीदारालाही बोलावते. त्यात कायद्याचं काही नाही, पण ते कामाचाच भाग आहे.

मेडिकलचं शिक्षण लागतं का? नाही. मेडिकलची भाषा लागते, आणि ती दोन-तीन वर्षांत येते. एका भूलतज्ज्ञाशी आणि एका जुन्याजाणत्या सिस्टरशी ओळख करा. भुलेचा तक्ता आणि टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी) वाचायला त्यांच्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही. एमबीबीएस होऊन वकिलीत आलेले सहकारी आहेत, त्यांना फायदा होतो हे खरं. पण त्यांना अडचणही होते. ते आयोगासमोर डॉक्टरशी बोलावं तसं बोलतात आणि सदस्य हरवून जातात. तुमच्या वडिलांच्या मनात स्वतःच सनद घेऊन दोन्ही व्यवसाय करायचं असेल, तर तो मार्ग बंद आहे. मुंबईच्या एका सर्जननी ते करून पाहिलं होतं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला, डॉ. हनिराज चुलानी प्रकरणात. दवाखाना चालू ठेवून सनद मिळत नाही.

काम कुठून मिळतं? जाहिरात करायला आपल्याला बंदी आहे. विमा कंपन्यांच्या पॅनेलवर नाव लागतं, पण तिथली फी ठरलेली आणि बिल निघायला सहा-सहा महिने. खरं काम येतं ते आयएमएच्या शाखेत केलेल्या भाषणांतून. संमतीपत्रावर तासभर बोला, फुकट बोला, त्यातले दोघं तीन वर्षांनी फोन करतात. सुरुवातीला हाल आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे. घरचा आधार असेल तर पाच वर्षं टिकाल, मग बरं चालतं.

नाशिकला बसून हे जमेल का, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न. पण तो महत्त्वाचा आहे. २०१९ चा ग्राहक कायदा आला त्याआधी दावा किती रुपयांचा मागितलाय यावरून मंच ठरायचा, त्यामुळे मोठ्या केसेस मुंबईला राज्य आयोगात किंवा थेट दिल्लीला जायच्या. आता पेशंटने किती बिल भरलं त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत बिल असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे बिल सव्वा लाख आणि मागणी दोन कोटी असली तरी केस जिल्ह्यातच चालणार. शिवाय पाच लाखांपर्यंतच्या बिलाला तक्रारदाराला फी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही पद्धत वैध ठरवली. मोठं काम जिल्ह्याच्या गावी आलंय आणि ते नीट करणारे वकील तिथे फार थोडे आहेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. जड जातं. समोर तिचा नवरा बसलेला असतो, मांडीवर मूल. मी त्याला खोटा ठरवत नाही, कधीच नाही. त्याचं दुःख खरंच आहे, हयगय झाली की नाही एवढाच वाद असतो. आणि आपल्या बाजूचा एक अन्यायही मान्य करते. तक्रारदाराला त्याच शहरातला एकही डॉक्टर लेखी मत द्यायला तयार होत नाही. आम्हाला तीन मिळतात. अनेक तक्रारी खऱ्या नसल्यामुळे नाही, तर या एका अडचणीमुळे पडतात. मला याचा फायदा होतो आणि मला ते आवडत नाही. म्हणून ज्या डॉक्टरांचं मत समोरच्या वकिलाने मागितलं तरी तेच राहील, अशांकडूनच मी मत घेते.

आणि जिथे हयगय दिसते तिथे मिटवायला सांगते. पोटात मॉप (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं कापड) राहिला, दुसऱ्या हॉस्पिटलने तो काढल्याचे फोटो आहेत, तर 'बोलम टेस्ट', म्हणजे जाणकार डॉक्टरांना मान्य असलेली पद्धत पाळली तर हयगय नाही हा निकष, पुढे करून वर्षानुवर्षं भांडण्यात कोणाचंच भलं नाही. इथे एक खाचखळगा आहे: मध्यस्थीच्या २०२० च्या नियमांनुसार मृत्यू किंवा गंभीर इजेची वैद्यकीय प्रकरणं आयोग मध्यस्थीकडे पाठवू शकत नाही. मग दोन्ही वकिलांनी बाहेर बसून बोलायचं, विमा कंपनीची लेखी संमती आणायची आणि संयुक्त पुरसिस, म्हणजे दोघांचं लेखी निवेदन, आयोगाला द्यायची. अशा बैठकांत मी पाहिलंय, रकमेवर फार वेळ जात नाही. नातेवाईक विचारतात, "त्या रात्री आमच्याशी कोणी बोललं का नाही?" डॉक्टरला तिथे बोलू द्या, आधी विमा कंपनीला विचारून आणि शब्द तपासून, पण बोलू द्या.

परीक्षा झाली की लगेच 'मेडिको-लीगल'ची पाटी शोधू नका. दोन वर्षं दिवाणी-फौजदारी दोन्ही करणाऱ्या सिनिअरकडे घालवा, कैफियत लिहायला शिका. दरम्यान आठवड्यातून एकदा नाशिकच्या जिल्हा आयोगात जाऊन हॉस्पिटलच्या मॅटरचे युक्तिवाद ऐका. आणि घरी गेलात की वडिलांच्या हॉस्पिटलातले मागच्या महिन्यातले दहा केस पेपर वडिलांसमोर बसून वाचा, प्रत्येक नोंदीला वेळ आणि सही आहे का ते बघा. पहिल्या दोन पेपरनंतर ते चिडतील. वाचत राहा.